सनद की मक्ता? : ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ या कल्पनेची चिकित्सा

सारांश

महाविद्यालयीन मूल्यमापनात पेटंट हा आता परिचित निकष झाला आहे. प्रस्तुत लेखात ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ या रूढ शब्दप्रयोगाची चिकित्सा केली आहे. पेटंट ही कायमची सनद नसून ठरावीक मुलखापुरता, ठरावीक मुदतीचा आणि दरसाल रक्कम भरून चालू ठेवावयाचा मक्ता आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र, युरोपातील छोट्या देशांची पेटंटव्यवस्था आणि पुणे-सांगलीशी जोडला गेलेला कडुनिंबाचा युरोपीय खटला यांच्या आधारे, पेटंटांच्या संख्येपेक्षा ती कोठे, कशी व किती काळ राखली गेली याची नोंद मूल्यमापनात महत्त्वाची मानावी, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : पेटंट, एकस्व, नूतनीकरण, पूर्वज्ञान, प्रादेशिकता, उच्च शिक्षणातील मूल्यमापन

१. प्रस्तावना

बिबवेवाडी, धनकवडी, कात्रज हा दक्षिण पुण्याचा पट्टा महाविद्यालयांनी गजबजलेला आहे. या परिसरातील संस्थांच्या प्रवेशद्वारांवरील फलकांत परीक्षांचे निकाल व मिळालेल्या नोकऱ्या या दोन जुन्या आकड्यांच्या शेजारी अलीकडे तिसरा आकडा येऊन बसला आहे, तो पेटंटांचा. हे चित्र एकट्या पुण्याचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधन-गुणांकनात आंतरराष्ट्रीय पेटंटासाठी १० आणि राष्ट्रीय पेटंटासाठी ७ गुण ठेवले. मूल्यांकनाच्या अहवालांतही पेटंटांचा रकाना आला. परिणामी, ज्या शब्दाशी कालपर्यंत औषध कंपन्या व वकील यांचाच संबंध होता, तो शब्द वाणिज्य, विज्ञान आणि भाषा यांच्या विभागांतील बैठकांतही ऐकू येऊ लागला.

या बदलाचे स्वागत करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. नियमावलीतील ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ ही वस्तू नेमकी कोठे असते? कायद्याच्या दृष्टीने तिचे अस्तित्व नाही. १८८३ च्या पॅरिस कराराने उभ्या केलेल्या चौकटीत प्रत्येक देशाचे पेटंट इतर देशांतील पेटंटांपासून स्वतंत्र असते. ७ डिसेंबर १९९८ रोजी भारत या करारात व त्याचबरोबर पेटंट सहकार करारात सामील झाला. या दुसऱ्या करारान्वये ‘आंतरराष्ट्रीय अर्ज’ करता येतो. परंतु तो अर्जच असतो. त्यातून जे काही मिळावयाचे ते शेवटी त्या त्या देशाच्या वा प्रादेशिक कार्यालयाकडूनच मिळते. म्हणजे दहा गुण ज्या नावाने दिले गेले, ते नाव धारण करणारा दस्तऐवज जगातील कोणतेही कार्यालय देत नाही. प्रत्यक्षात दिला जातो तो दुसऱ्या एखाद्या देशाचा, त्याच देशापुरता हक्क. ही केवळ शब्दाची चूक असती तर दुर्लक्षिता आली असती. परंतु या शब्दामागे पेटंटाविषयीची एक संपूर्ण समजूत उभी आहे आणि ती तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दामागील समजूत

मराठीत पेटंट ‘मिळते’. पुरस्कार मिळतो, पदवी मिळते, तसेच. वृत्तपत्रांतील बातमीचे शीर्षक ‘पुण्याच्या प्राध्यापकाला पेटंट’ असे असते. त्या पेटंटाचे पाच वर्षांनी काय झाले याची बातमी कधी येत नाही. बोलीत हा शब्द आणखी पुढे गेला आहे. एखाद्याचे ‘पेटंट उत्तर’ किंवा ‘पेटंट विनोद’ म्हणजे त्याच्या नावावर कायमचा चढलेला, त्याच्यापासून वेगळा न करता येणारा विशेष. या दोन्ही वापरांत कायमपणाची भावना आहे. मराठी परिभाषेने ‘एकस्व’ असा नेटका पर्याय दिला खरा. तथापि त्यातील ‘स्व’ मालकीवर भर देतो आणि मुदतीचा, भरण्याचा वा मुलखाचा त्यात मागमूस नाही.

मूळ शब्दाचा अर्थ ‘उघडे पत्र’ असा आहे. राजाने सर्वांना वाचता यावे म्हणून उघडे ठेवलेले हुकूमपत्र, म्हणजे आपल्याकडील सनदेच्या जवळचे काही. आपली समजूत तेथेच थांबलेली दिसते. सनद भिंतीवर लावावयाची, घराण्याचा मान म्हणून सांगावयाची. परंतु आजचे पेटंट ज्या जुन्या मराठी संस्थेशी अधिक जुळते ती मक्ता किंवा इजारा होय. मक्ता मुलखापुरता असे. शेजारच्या परगण्यात त्याला किंमत नसे. त्याला मुदत असे. ठरलेली रक्कम न भरल्यास तो जाई. पेटंटाला हे तिन्ही लागू पडते. त्यात चौथी अट आहे ती मात्र मक्त्यात नव्हती : मक्त्याच्या मोबदल्यात शोधकाने आपला शोध, त्या विषयातील जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने, जगापुढे उघड करावा लागतो. मुदत संपताच, अथवा भरणा चुकताच, तो शोध सर्वांचा होतो.

भारतीय कायद्यात ही मक्त्याची बाजू स्पष्ट आहे. १९७० चा पेटंट अधिनियम २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. सध्या मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क द्यावे लागते. व्यक्ती व शैक्षणिक संस्था यांच्यासाठी ते तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरसाल ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यासाठी ८,००० रुपये आहे. पूर्ण मुदतीची बेरीज ७६,८०० रुपये होते. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट, म्हणजे ३,८४,००० रुपये पडतात. चढत जाणाऱ्या या पायऱ्यांमागे धोरण आहे. ज्या शोधाला बाजारात वा उद्योगात किंमत आहे तोच धारकाने राखावा आणि उरलेल्यांनी लोकांसाठी वाट मोकळी करावी, अशी ही रचना आहे. शिवाय कलम १४६ नुसार शोधाचा भारतात उपयोग होत आहे की नाही याचे विवरण धारकाला द्यावे लागते.

मक्तेदाराने मुलूख नीट सांभाळला नाही तर सरकार हस्तक्षेप करते, याचे उदाहरण मुंबईच्या पेटंट कार्यालयानेच घालून दिले. ९ मार्च २०१२ रोजी बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या नॅटको कंपनीला देण्यात आला. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना मिळणारे औषध ८,८८० रुपयांत देण्याची अट त्यात होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. सनदेच्या कल्पनेत या घटनेला जागा नाही. मक्त्याच्या कल्पनेत ती सहज बसते.

३. भिसे यांचे चरित्र आणि आकड्याचा मोह

मराठी वाचकाला पेटंट हा शब्द ज्या नावामुळे प्रथम परिचित झाला ते नाव डॉ. शंकर आबाजी भिसे यांचे. २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन पावलेले भिसे ‘भारतीय एडिसन’ म्हणून गौरवले जातात. त्यांच्यावरील लेखनात सुमारे २०० शोध व ४० पेटंटे हा आकडा ठरलेला आहे. त्यांची बुद्धी असामान्य होती याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो हे चरित्र सांगण्याच्या पद्धतीचा. त्यात पेटंट मिळाले की प्रकरण संपते आणि पुढील पेटंटाकडे निवेदन वळते. दोन पेटंटांच्या मधल्या काळात काय घडले ते गौण मानले जाते.

वस्तुतः भिसे यांच्या आयुष्याचे मर्म त्या मधल्या काळात आहे. मुद्रणासाठी खिळे ओतण्याचे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांनी लंडनमध्ये विकसित केले. दिनशा वाच्छा यांच्या शिफारशीवरून ते दादाभाई नौरोजींना भेटले आणि नौरोजींनी त्यांना आर्थिक आधार दिला. पुढे समाजवादी नेते हिंडमन यांनी भांडवल उभारण्याचे आश्वासन दिले. ते प्रत्यक्षात आले नाही. नंतर रतन टाटा यांच्या पैशावर भिसे-टाटा संघ स्थापन झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोही मोडला आणि भिसे अमेरिकेला गेले. तेथे १९२० नंतरच्या वर्षांत त्यांनी पुन्हा खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी कंपनी काढली. तोवर लायनोटाइप व मोनोटाइप या यंत्रांनी छापखाने काबीज केले होते.

या हकिकतीत पेटंटांची उणीव कोठेच नाही. उणीव आहे ती भांडवलाची, कारखान्याची आणि ग्राहकाची. शोधाचे यंत्र होण्यास आणि यंत्राचा व्यवसाय होण्यास जो काळ लागतो, त्या काळात पेटंटाचे घड्याळ चालूच असते. मुदत धावते, शुल्क येत राहते आणि प्रतिस्पर्धी थांबत नाहीत. भिसे यांचे चरित्र ‘४० पेटंटे’ या आकड्याने सुरू करण्याऐवजी नौरोजी, हिंडमन व टाटा या तीन टप्प्यांनी सांगितले गेले असते, तर मराठी वाचकाला पेटंट म्हणजे काय हे अधिक खरेपणाने कळले असते. आजच्या महाविद्यालयीन फलकांवरील आकडा हा त्याच कथनपद्धतीचा वारस आहे.

४. छोट्या देशातील मक्ता

‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाची खरी परीक्षा युरोपातील एखाद्या छोट्या देशात होते. बिबवेवाडीतील एखाद्या अध्यापकाने शेतमाल वाळविण्याचे एक उपकरण तयार केले आणि त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट हवे आहे, असे समजू. पहिली अट भारतातीलच आहे. कलम ३९ नुसार येथील रहिवाशाला आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते, अथवा परदेशी अर्जासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. भारतातील अर्जानंतर १२ महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केल्यास पहिल्या तारखेचा लाभ मिळतो. येथवर सर्व काही मुंबई कार्यालयाच्या संगणकीय दालनातून होऊ शकते.

यापुढे देशाचा स्वभाव आडवा येतो. स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय कार्यालय आजवर अर्जाची औपचारिक छाननी करीत आले. शोध नवीन आहे काय, त्यात कल्पकतेची पायरी आहे काय, हे त्याने तपासले नाही. म्हणजे या मार्गाने हाती येणारे पेटंट खरे असले तरी कसोटीला लागलेले नसते. कसोटी न्यायालयात, वाद उत्पन्न झाल्यावर लागते. शेजारच्या लिक्टेनस्टाइनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १ एप्रिल १९८० पासून हे दोन देश पेटंटाच्या दृष्टीने एकच मुलूख आहेत; लिक्टेनस्टाइनचे वेगळे पेटंट घेता येत नाही. नेदरलँड्समध्ये पूर्वी कसलाही शोधअहवाल न मागता सहा वर्षांचे पेटंट मिळे. तो प्रकार २००८ मध्ये बंद झाला. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गाने नेदरलँड्स वा आयर्लंडमध्ये शिरावयाचे असेल तर थेट त्यांच्या राष्ट्रीय कार्यालयात जाता येत नाही. म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयातूनच जावे लागते.

म्युनिकचा मार्ग अवघड व खर्चाचा, परंतु तेथे शोधाची खरी परीक्षा होते. १९७३ च्या युरोपीय पेटंट करारावर ही व्यवस्था उभी आहे. कामकाज इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या तीन भाषांत चालते. पेटंट मंजूर झाले की त्याचे निरनिराळ्या देशांतील हक्कांत रूपांतर होते आणि तेथून पुढे प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे. १ मे २००८ पासून अमलात आलेल्या लंडन करारामुळे अनेक देशांनी भाषांतराचा आग्रह सोडला वा कमी केला; ऑस्ट्रिया व पोर्तुगाल यांसारखे देश त्या कराराबाहेर राहिले. १ जून २०२३ पासून एकात्मिक युरोपीय पेटंटाचा पर्याय आला आणि २०२४ मध्ये रुमानिया आल्यावर त्याच्या कक्षेत १८ देश आले. त्यामुळे एकाच ठिकाणी शुल्क भरून अनेक देशांतील हक्क राखता येतो. परंतु स्वित्झर्लंड व नॉर्वे त्यात नाहीत, कारण ते युरोपीय संघातच नाहीत.

एका छोट्या देशातील पेटंट राखण्याचा अर्थ या सर्वांतून दिसतो. त्या देशात पत्ता वा प्रतिनिधी हवा. दरसाल तारीख लक्षात ठेवणारा कोणीतरी हवा. तारीख चुकली तर पॅरिस करारानुसार किमान सहा महिन्यांची सवलत मिळते, परंतु अधिभारासह. आणि या सर्वांच्या बदल्यात जो हक्क मिळतो तो त्या देशाच्या सीमेवर संपतो. त्या देशात हे उपकरण बनविणारा, विकणारा वा वापरणारा कोणीच नसेल, तर तेथील मक्ता म्हणजे ओसाड गावाचा मक्ता होय.

विशेष म्हणजे छोट्या देशांनी स्वतः हा हिशेब फार पूर्वी मांडला होता. नेदरलँड्सने १८६९ मध्ये आपला पेटंट कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्या देशात पेटंट नव्हते. फिलिप्सचा दिव्यांचा कारखाना याच काळात, १८९१ मध्ये सुरू झाला. स्वित्झर्लंडमध्ये संघराज्याचा पेटंट कायदा १८८८ मध्ये आला. त्यातही प्रतिकृतीने दाखवता येतील अशाच शोधांना संरक्षण होते. रासायनिक प्रक्रियांना ते १९०७ मध्ये मिळाले, तोवर बाझेलचे रंग व रसायनांचे उद्योग उभे राहिले होते. ज्या बर्न येथील कार्यालयात आल्बर्ट आइनस्टाइन १९०२ ते १९०९ या काळात परीक्षक होते, ते असे नवे कार्यालय होते. भारतानेही न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर हाच विचार केला. भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांची आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा येथे उपयोगच केला जात नाही, हे त्या अहवालाने दाखवून दिले. १९७० च्या कायद्याने औषध व अन्नपदार्थांना वस्तू-पेटंट नाकारले. ते २००५ मध्ये परत आले. म्हणजे देशांनी पेटंटाकडे लाभ-हानीच्या दृष्टीने पाहिले. ज्यांनी तसे पाहण्याची सर्वाधिक गरज आहे, त्या शैक्षणिक संस्था मात्र त्याकडे मानचिन्ह म्हणून पाहत आहेत.

५. पुणे, सांगली आणि म्युनिक

हळदीच्या पेटंटाची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मार्च १९९५ मध्ये दिल्या गेलेल्या अमेरिकन पेटंटाला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘हळदीघाटीची लढाई’ या नावाने ती सांगितली जाते. युद्धाच्या या रूपकामुळे विजयाचा आनंद पोहोचला; पद्धत मात्र झाकली गेली. ती पद्धत अधिक स्पष्टपणे दिसते ती कडुनिंबाच्या युरोपीय खटल्यात, ज्यात पुण्याचा वाटा असूनही त्याची चर्चा मराठीत तुलनेने कमी झाली.

अमेरिकेचा कृषी विभाग व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १४ सप्टेंबर १९९४ रोजी युरोपीय पेटंट मिळाले. कडुनिंबाच्या तेलाच्या विशिष्ट अर्काने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याची पद्धत हा त्याचा विषय होता. युरोपीय करारानुसार मंजुरीनंतर नऊ महिन्यांच्या आत कोणालाही विरोध नोंदवता येतो. मॅग्डा आल्व्हूट, वंदना शिवा आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी जून १९९५ मध्ये, मुदत संपता संपता, तो नोंदवला. कडुनिंब भारतात शतकानुशतके वापरला जातो, एवढे सांगून तेथे भागणार नव्हते. कार्यालयाला हवा होता तो पेटंटातील नेमक्या पद्धतीचा, अर्जाच्या तारखेपूर्वीचा, पुराव्याने सिद्ध होणारा सार्वजनिक वापर.

तो पुरावा महाराष्ट्रातून गेला. पुण्यातील एका उद्योजकाने १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत अशाच अर्काच्या शेतावरील चाचण्या केल्या होत्या. त्यांनी म्युनिक येथे साक्ष दिली. मे २००० मध्ये विरोध विभागाने पेटंट रद्द केले आणि या चाचण्यांना पूर्वीचा सार्वजनिक वापर मानले. धारकांनी अपील केले. ८ मार्च २००५ रोजी ते फेटाळण्यात आले. मंजुरीपासून अंतिम निकालापर्यंत साडेदहा वर्षे गेली.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पुणे-सांगलीच्या शेतांवरील त्या प्रयोगांचा युरोपात कोणताही मक्ता नव्हता. तरीही एका बलाढ्य धारकाचा मक्ता मोडण्यास ते उपयोगी पडले, कारण ते उघडपणे झाले होते आणि त्यांचे स्थळ, काळ व पद्धत यांविषयी विश्वासार्ह साक्ष देता आली. ज्ञानाच्या संरक्षणाचा एक मार्ग पेटंट घेणे हा आहे. दुसरा मार्ग ज्ञानाची तारखेनिशी नोंद ठेवून ते प्रकाशित करणे हा आहे. दुसरा मार्ग महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे, त्याला नूतनीकरण शुल्क लागत नाही आणि त्याला मुलखाची मर्यादाही नाही. आपल्या गुणांकनात त्याला स्वतंत्र जागा मात्र नाही.

६. महाविद्यालयीन व्यवहार

या पार्श्वभूमीवर सद्यःस्थिती पाहावी. महाविद्यालयांच्या अहवालांत चार निरनिराळ्या गोष्टी एकाच रकान्यात येतात : दाखल झालेला अर्ज, प्रसिद्ध झालेला अर्ज, मंजूर पेटंट आणि डिझाइनची नोंदणी. यांपैकी प्रसिद्धी ही १८ महिन्यांनी आपोआप होणारी, व शुल्क भरल्यास लवकर होणारी, प्रक्रियेतील पायरी आहे. तीत गुणवत्तेची कोणतीही तपासणी नाही. डिझाइन हा तर वेगळ्याच कायद्याचा विषय. त्यात वस्तूच्या बाह्यरूपाला संरक्षण मिळते, कार्यपद्धतीला नाही.

परदेशी दाखल्यांची स्थिती याहून विचित्र आहे. ऑस्ट्रेलियाचे ‘इनोव्हेशन पेटंट’ गुणवत्तेच्या परीक्षेविना मंजूर होत असे. २५ ऑगस्ट २०२१ नंतर नवे अर्ज बंद झाले. जर्मनीची उपयुक्तता-नमुना नोंदणी नावीन्य न तपासता होते. ब्रिटनमधील डिझाइन नोंदणीही तशीच होते. या देशांनी आपापल्या लघुउद्योगांच्या सोयीसाठी केलेल्या या व्यवस्था आहेत आणि त्या योग्यही असतील. परंतु त्यांचे दाखले आपल्याकडील अध्यापकांच्या माहितीपत्रकांत ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून वाचावयास मिळतात. अशा नोंदणीत नावाची जागा शुल्क घेऊन देण्याच्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. त्यामुळे परस्परांना न ओळखणारे, निरनिराळ्या विषयांचे आठ-दहा अध्यापक एकाच उपकरणाचे सहशोधक झालेले दिसतात. हा व्यवहार नियमाच्या अक्षरात बसत असेल. संशोधनाच्या नीतीत बसत नाही.

यात हानी कोणाची होते? पहिली हानी त्या अध्यापकाची, जो आठ वर्षे एका समस्येवर काम करून भारतात परीक्षेनंतर मंजूर होणारे एकच पेटंट मिळवतो आणि ७ गुणांवर थांबतो; शेजारच्या टेबलावर परीक्षेविना मिळालेल्या परदेशी दाखल्याला १० गुण मिळतात. दुसरी हानी संस्थेची. तिच्या आकड्यावरचा विश्वास कमी झाला की खऱ्या कामाकडेही संशयाने पाहिले जाते. तिसरी हानी विद्यार्थ्यांची आहे व ती सर्वांत खोल आहे. शोध ही विकत मिळणारी वस्तू आहे, हा धडा त्यांना कोणी न शिकवता मिळतो.

७. एक आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. भारतीय संस्थांत पेटंटाची सवयच नव्हती. आरंभी संख्येला उत्तेजन दिल्याखेरीज ती लागणार नाही. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत देण्यात आली ती याच हेतूने. या म्हणण्यात तथ्य आहे. अर्ज लिहिण्याच्या निमित्ताने अध्यापक पूर्वज्ञानाचा शोध घेण्यास शिकतो, आपला दावा नेमक्या शब्दांत मांडण्यास शिकतो. हे शिक्षण मौल्यवान आहे. परंतु ते मिळते अर्ज स्वतः लिहिल्याने आणि परीक्षकाच्या हरकतींना उत्तर दिल्याने. जेथे परीक्षाच नाही व अर्ज दुसऱ्यानेच लिहिलेला आहे, तेथे सवय लागते ती केवळ दाखला मिळवण्याची. उत्तेजनाचा युक्तिवाद भारतीय अर्जाच्या बाजूने जातो. न तपासलेल्या परदेशी नोंदणीला अधिक गुण देण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

पेटंट सोडून देणे ही नामुष्की आहे, असाही अर्थ येथे काढू नये. उपयोग नसलेले पेटंट विचारपूर्वक सोडणे हे शहाणपणाचे असते. तो शोध त्यामुळे सर्वांना खुला होतो. आक्षेप आहे तो सोडून दिलेल्या पेटंटाचा आकडा वर्षानुवर्षे फलकावर चालू ठेवण्यावर.

८. निष्कर्ष

पेटंटाला सनद मानल्यामुळे आपण मिळण्याच्या क्षणाकडे पाहतो. मक्ता मानल्यास राखण्याच्या काळाकडे पाहावे लागेल. हा दृष्टिकोन स्वीकारला तर मूल्यमापनात पुढील बदल फारसा खर्च न करता होऊ शकतात. एक, ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण काढून देशाचे नाव लिहावे. दोन, तो दाखला नावीन्य व कल्पकता यांच्या परीक्षेनंतर मिळाला की केवळ नोंदणीने, हे नमूद करावे आणि परीक्षित भारतीय पेटंटाला अपरीक्षित परदेशी नोंदणीपेक्षा अधिक गुण द्यावेत. तीन, दरवर्षीच्या अहवालात प्रत्येक पेटंट चालू आहे, सोडले आहे की शुल्क न भरल्याने रद्द झाले आहे, ही स्थिती द्यावी. भारतीय व युरोपीय कार्यालयांच्या नोंदी सर्वांना विनामूल्य पाहता येतात. त्यामुळे ही माहिती पडताळणे कोणत्याही ग्रंथपालाला शक्य आहे. चार, परदेशी अर्जाला अनुदान देण्यापूर्वी त्या देशात हा शोध कोण बनवणार, विकणार वा वापरणार, याचे लेखी उत्तर घ्यावे. पाच, पेटंट न घेता तारखेनिशी, तपशिलाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांना मूल्यमापनात मान्यता द्यावी.

यातील शेवटची सूचना वरकरणी पेटंटविरोधी वाटेल, परंतु ती तशी नाही. परीक्षेला उतरलेले, उद्योगाशी जोडलेले आणि वर्षानुवर्षे शुल्क भरून राखलेले एक पेटंट ही संस्थेच्या अभिमानाची गोष्ट आहेच. तसे कारण नसेल तेथे मात्र दोन उन्हाळ्यांतील शेतावरच्या चाचण्या अधिक दूरवर पोहोचतात, हे म्युनिकच्या निकालाने दाखवले आहे. दक्षिण पुण्याच्या महाविद्यालयांपासून सांगलीच्या शेतांपर्यंत असे प्रयोग आजही होत असतात. त्यांची नीट नोंद ठेवण्याची व्यवस्था उभारणे हे फलकावरील आकडा वाढवण्याहून कठीण काम आहे; परंतु उच्च शिक्षण संस्थांकडून समाजाची अपेक्षा त्याच कामाची आहे.